फोन कोणी फेकला?

(वाचकाच्या पत्राचा सारांश. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पत्र लिहिणारे गृहस्थ छत्तीस वर्षांचे आहेत. पिंपरी-चिंचवडला राहतात, एका कंपनीत टीम सांभाळतात. ऑफिसात त्यांची ख्याती 'कधी आवाज न चढवणारा माणूस' अशी. क्लायंट वाट्टेल ते बोलला तरी हे हसून 'करतो' म्हणतात. घरी मात्र पंधरवड्यातून एकदा तरी भडका उडतो. गेल्या महिन्यात रात्री जेवताना काहीतरी किरकोळ कारण झालं आणि त्यांनी बायकोचा फोन भिंतीवर फेकला. सात वर्षांची मुलगी त्यांच्यासोबत हल्कची, म्हणजे चिडला की हिरवा राक्षस होणाऱ्या कॉमिक्समधल्या माणसाची, कार्टून बघते. ती आता 'आई, बाबा हिरवे झाले' असं म्हणते आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेते. तिसरं रूप कराडला गेल्यावर दिसतं. तिथे वडिलांसमोर ते मान खाली घालून 'हो अण्णा' म्हणणारा बारा वर्षांचा मुलगा होतात.

ते शाळेपासूनचे कॉमिक्सवेडे. विचारतात, "१९९१ सालच्या हल्कच्या अंकात डॉक्टर सॅमसन हा मनोविकारतज्ज्ञ ब्रूस बॅनर (ज्याचा हल्क होतो तो शास्त्रज्ञ) आणि त्याच्यातले दोन्ही हल्क एकत्र आणतो, तसं खऱ्या माणसाच्या बाबतीत होतं का? मूळचा मी शांत आहे. तो दुसरा मला नकोच. त्याला काढून टाकता यावं, नाहीतर तो माझ्यात विरघळून तरी जावा. नंतर मला सगळं आठवतं, म्हणून तर लाज वाटते." बायको समुपदेशकाकडे जाऊ म्हणते, पण आपण वेडे नाही असं त्यांचं म्हणणं. बायकोला वाटतं की या कॉमिक्सनीच डोकं फिरवलंय, पेटी रद्दीत द्यावी. वडिलांविषयी पत्रात एकच वाक्य आहे: "अण्णाही तापट होते, पण त्यांनी आमच्यासाठी खूप केलं."

नमस्कार.

पेटीचा प्रश्न आधी मिटवू. ती रद्दीत देऊ नका. तुमच्या पत्नीला तिचा राग येतो ते मला समजतं. जी गोष्ट पुढे करून नवरा स्वतःला सूट देतो, ती बायकोच्या डोळ्यांत खुपणारच. पण अंक वाचून कोणी फोन फेकत नाही. माझी तक्रार उलटी आहे. तुम्ही ते अंक सोयीपुरतेच वाचलेत. म्हणून उत्तर तिथूनच सुरू करते. ज्यांना हल्क फक्त सिनेमातून माहीत आहे त्यांनी थोडा धीर धरावा.

१९६२ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी हल्क आणला तेव्हा गोष्ट सरळ होती. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात गॅमा बॉम्बची चाचणी चालू आहे. रिक जोन्स नावाचा पोरगा पैजेखातर त्या जागेत घुसतो. शास्त्रज्ञ ब्रूस बॅनर धावत जाऊन त्याला खंदकात ढकलतो आणि किरणोत्सर्गात स्वतः सापडतो. त्यानंतर अंधार पडला की तो राक्षस होऊ लागतो. सुरुवातीला रूप बदलायचं ते रात्र झाली की. राग आला की बदलायचं ही रीत पुढे रुळली. पहिल्या अंकात तर हल्क हिरवाही नव्हता, करडा होता. छपाईत करडा रंग सारखा उमटेना, म्हणून दुसऱ्या अंकापासून त्याला हिरवा केला. छापखान्यातल्या या अडचणीचं पुढच्या लेखकांनी सोनं केलं. करडा आणि हिरवा हे एकाच माणसातले दोन निरनिराळे हल्क आहेत, असं त्यांनी ठरवून टाकलं. हिरवा प्रचंड ताकदीचा, पण बोलणं लहान मुलासारखं. मागणं एकच: मला एकटं सोडा. करडा धूर्त, तोंडाळ, स्वार्थी. काही काळ तर तो लास वेगासमध्ये 'जो फिक्सिट' या नावाने, अंगात सूट घालून एका कॅसिनोवाल्याचा गुंड म्हणून राहिला.

आता तुमची पहिली मागणी घेऊ: त्याला काढून टाकता यावं. तुमच्यासारख्या संग्राहकाने हे विसरावं याचं मला नवल वाटलं, कारण कॉमिकमध्ये हा प्रयोग होऊन गेलाय. १९८० च्या दशकाच्या मध्याला याच डॉक्टर सॅमसनने बॅनर आणि हल्क यांना खरोखर वेगळं केलं. दोघांना दोन शरीरं मिळाली. बॅनर मोकळा झाला, त्याने बेटी नावाच्या आपल्या प्रेयसीशी लग्नसुद्धा केलं. आणि हल्क? बॅनर आत नसल्यामुळे त्याला कसलाच धरबंध उरला नाही. तो नुसता मोडतोड करत सुटला. पुढे दोघांचीही शरीरं खचत गेली, दोघं मरणाच्या दारात पोचले, आणि शेवटी त्यांना पुन्हा एकत्र आणावं लागलं.

कथाकाराने हे कशासाठी घडवलं असेल ते सोडा. तुमच्या बाबतीत त्याचा अर्थ असा की ज्याला तुम्ही हाकलू पाहता त्याच्याकडे तुमच्या उपयोगाचं काहीतरी आहे. तुमच्या पत्रात ओळींच्या मधे ते दिसतं. रविवारी येणारे ऑफिसचे फोन, 'करतो' म्हणून अंगावर घेतलेली कामं, धाकट्या भावाच्या कर्जाचा तुम्ही भरत असलेला हप्ता. त्या हप्त्याचा उल्लेख तुम्ही कंसात केलाय! 'मला हे नको' असं म्हणणारा तुमच्यात एकच जण आहे, आणि तो नेमका भलत्या ठिकाणी, भलत्या माणसांसमोर बोलतो. त्याला बाहेर काढलंत तर 'नाही' म्हणणारा कोणी उरणार नाही. मग 'करतो' म्हणणारा किती दिवस तग धरेल?

म्हणजे 'मूळचा मी शांत' हे तुमचं गृहीतकही तपासायला हवं. ऑफिसातली ती शांतता तुमचा स्वभावच आहे, हे कशावरून? कराडला अण्णांसमोर मान खाली घालणारा मुलगाही शांतच आहे. पण त्याची शांतता भीतीची, हे तुम्हाला दिसतं. ऑफिसातली कसली आहे? क्लायंटसमोर हसून 'करतो' म्हणताना पोटात काय होतं, तेवढं एकदा बघा. मला संशय आहे की ऑफिसातला समंजस माणूस आणि कराडचा मुलगा हे एकच आहेत, मुलगा फक्त मोठा होऊन इंग्रजी बोलायला लागलाय. हा नुसता संशय आहे. एका पत्रावरून माणूस कळत नाही.

आता त्या फोनकडे येते. तुम्ही लिहिता, "तो आला आणि मला काही कळायच्या आत फोन भिंतीवर." पण साहेब, टेबलावर दोन फोन होते. तुमच्याच पत्रात आहे की तुमचा फोन ताटाशेजारी होता आणि त्यावर ऑफिसचे मेसेज येत होते. फेकला गेला तो बायकोचा. इतक्या आंधळ्या रागाला दोन फोनांतला फरक कळला. क्लायंट अपमान करतो तेव्हा लॅपटॉप भिंतीवर आपटत नाही. अण्णा चार लोकांत टाकून बोलतात तेव्हाही ताट उडत नाही. कॉमिकमधला हल्क रणगाडे फोडतो, लष्कराला अंगावर घेतो, स्वतःपेक्षा ताकदवानांशी भिडतो. तुमचा 'हल्क' मात्र जिथे उलट उत्तर येणार नाही तिथेच हिरवा होतो. हे वाचून तुम्हाला राग येईल. येऊ द्या, पण पुढे वाचा, कारण यात आशेचीही गोष्ट आहे. जो राग जागा आणि माणूस बघून बाहेर येतो, तो आवरताही येतो. तुम्ही तो ऑफिसात रोज आवरता.

म्हणून पहिला बदल बोलण्यात करा. 'तो आला' म्हणणं आजपासून बंद. 'मी फेकला' म्हणा, 'मी ओरडलो' म्हणा. सुरुवातीला हे घशात अडकेल, कारण 'तो' म्हटलं की लाज वाटण्यापुरतं काम उरतं. 'मी' म्हटलं की भरपाई करावी लागते. बायकोला नवा फोन आणून दिलात का, ते पत्रात नाही.

एक खुलासा इथेच करते, कारण अशी पत्रं लिहिणारे तुम्ही एकटे नाही. एका माणसात खरोखर वेगवेगळी व्यक्तिमत्त्वं वावरण्याचा आजार आहे. त्याला पूर्वी 'मल्टिपल पर्सनॅलिटी डिसऑर्डर' म्हणत. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने नाव बदलून 'डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर' केलं. त्यात माणसाच्या आठवणींना भोकं पडतात. मधले तास गायब होतात, आपण न घेतलेल्या वस्तू घरात सापडतात, आपण म्हणे काहीतरी बोललो ते दुसऱ्यांकडून कळतं. त्याची मुळं बहुतेक वेळा लहानपणीच्या मोठ्या आघातात असतात. असा माणूस सिनेमात दाखवतात तसा खुनशी तर सहसा नसतोच. असं काही होत असेल तर सल्ल्याची सदरं वाचत बसू नये, मनोविकारतज्ज्ञाला भेटावं. तुम्हाला मात्र सगळं आठवतं. तुमची रूपं तीन असतील, पण आठवणींची वही एकच आहे, आणि त्या वहीवर सही तुमची आहे.

आता १९९१ च्या त्या लाडक्या अंकाकडे वळते: 'द इन्क्रेडिबल हल्क', अंक ३७७, लेखक पीटर डेव्हिड, चित्रं डेल कीऑन. सॅमसन सर्कसवाल्या रिंगमास्टरच्या मदतीने बॅनरला संमोहित करतो. मनाच्या आत बॅनर, हिरवा आणि करडा असे तिघं समोरासमोर येतात. शेवटी तिघांचा मिळून एक हल्क होतो: अंगाने हिरवा, डोक्याने बॅनर, आणि थोडा करड्याचा बेरकेपणा. तुम्हाला ते शेवटचं पान आठवतं. त्याच्या आधी काय घडतं ते आठवतं का? तिथे सॅमसन कुणालाही हाकलत नाही. तिघं उभे राहतात ते बापाच्या आठवणीसमोर.

बापाची गोष्ट त्याआधी, १९८५ मध्ये, ३१२व्या अंकात बिल मँटलो यांनी लिहिली होती. ब्रायन बॅनर मुलाला जन्मापासून राक्षस समजतो, मारतो, आणि मध्ये पडणाऱ्या बायकोचा, ब्रूसच्या आईचा, जीव घेतो. तो एक अंक आला आणि वीस-बावीस वर्षांची मालिका मागे जाऊन बदलली. ब्रूस दुभंगला तो बॉम्बच्या कितीतरी आधी, स्वतःच्या घरात. वाळवंटातल्या स्फोटाने त्या दुभंगाला फक्त अंग दिलं. सुपरहिरोंच्या कॉमिक्समध्ये इतकी खरी गोष्ट फार थोड्यांनी लिहिलीय, असं माझं मत आहे.

अण्णांना ब्रायन बॅनरच्या रांगेत बसवण्याचा माझा अजिबात इरादा नाही. तुम्ही त्यांच्याविषयी एवढंच लिहिलंत, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत 'पण' आला. तो 'पण' खराच असणार. त्यांनी केलंच असेल तुमच्यासाठी. मात्र 'अण्णाही तापट होते' या अर्ध्या वाक्यात एक घर आहे. त्या घरात रात्री जेवताना काय व्हायचं, तुम्ही कुठे जाऊन बसायचात, आई काय म्हणायची, हे मला सांगू नका. कोणातरी जाणत्या माणसासमोर बसून सांगा. तुमची मुलगी आज ज्या खोलीत जाऊन दार लावते, तशी एखादी खोली कराडच्या घरात होती का, ते तुम्हालाच माहीत. अण्णांवर खापर फोडून मोकळं होण्यासाठी हे करायचं नाही. फेकलेल्या फोनचे मालक तुम्हीच राहाल. पण जेवणाच्या वेळी छोट्याशा गोष्टीवरून अंगात आग का पेटते, याचं उत्तर फक्त आजच्या दिवसात मिळेल असं मला वाटत नाही.

आणि एकजीव होण्याचं म्हणाल, तर त्या नव्या हल्कचं पुढे काय झालं तेही तुमच्या पेटीत असेल. काही वर्षं तो झकास चालला. हुशार, देखणा, सगळ्यांशी बोलणारा, सगळ्या मोहिमांत पुढे. मग १९९५ च्या सुमारास त्याचा राग हाताबाहेर गेला तेव्हा भलतंच झालं. शरीर बॅनरचं, दुबळं. आणि आत मन मात्र त्या लेकरासारख्या हिरव्याचं. पुढे २००० नंतरच्या अंकांत सॅमसनला कळलं की तिघांचा मिलाफ कधी झालाच नव्हता. ज्याला सगळे 'प्रोफेसर' म्हणत, तो बॅनरला स्वतः जसं असावंसं वाटत होतं तसा एक चौथाच जण होता. जुने तिघं आत होते तिथेच राहिले.

तुम्हाला हवाय तो हाच प्रोफेसर. ऑफिसात शांत, घरी शांत, अण्णांसमोर ठाम, सगळीकडे सारखाच. असा माणूस तुम्ही महिनाभर होऊन दाखवाल, याबद्दल मला शंका नाही. पुन्हा भडकणार नाही या चार महिन्यांपूर्वीच्या शपथेचं तुम्ही लिहिलंच आहे. ती प्रोफेसरनेच घेतली होती. ती मोडली तेव्हा सगळा दोष 'त्या दुसऱ्या'वर गेला. २०१९ च्या 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' या सिनेमाने तर कमाल केली. दीड वर्ष गॅमा लॅबमध्ये घालवलं, डोकं आणि ताकद एकत्र आणली, असं बॅनर हॉटेलात बसून दोन-चार वाक्यांत सांगतो, आणि पोरं त्याच्यासोबत फोटो काढून घेतात. म्हणजे मूळ काम सगळं पडद्याआड! त्या दीड वर्षात कोण कोणाशी काय बोललं, ते बघायला मी दुसरं तिकीट काढलं असतं.

कॉमिकवाल्यांनी पुढे जास्त प्रामाणिकपणा दाखवला. अल यूइंग आणि जो बेनेट यांची 'इमॉर्टल हल्क' ही ५० अंकांची मालिका २०१८ ते २०२१ मध्ये आली. नसेल तर जरूर मिळवा, पण मुलीच्या हाती लागू देऊ नका, फार भीषण चित्रं आहेत. आधीच्या अंकांत 'डेव्हिल हल्क' नावाचा एक जण बॅनरच्या मनाच्या तळाशी साखळदंडात होता आणि त्याला सगळे घाबरून असत. या मालिकेत कळतं की तो ब्रूसचा रखवालदार आहे. ब्रूसला जसा बाप मिळायला हवा होता, तसा त्याने स्वतःसाठी मनात घडवलेला. सगळ्यांत भयंकर वाटणारा निघाला सगळ्यांत मायाळू. रखवालदार असून तो समोर येणाऱ्यांचे हाल करतोच. या मालिकेत कोणी कोणात विरघळत नाही. कोण कधी पुढे येणार, कोणी कोणाचं ऐकायचं, यावरून त्यांची घासाघीस चालते, भांडणं होतात, तडजोडी होतात.

घरातल्या भावांचा समेट आपल्याकडे कसा होतो? तिघांचा मिळून एक भाऊ होत नाही. सातबारा समोर ठेवतात, कोणाचं किती, कोणाचं काय राहिलं ते एकदा मोठ्याने बोलतात, आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरवतात. तुमच्या तिघांची अशी बैठक कधी झालेली नाही. घरच्या भडक्याच्या वेळी ऑफिसातला माणूस हजर नसतो, आणि ऑफिसात 'करतो' म्हणताना घरच्याला कोणी विचारत नाही.

ही बैठक वहीवर घालता येते. रोजनिशी नको, तेवढा धीर तुम्हाला राहणार नाही. भडका उडाला किंवा उडता उडता राहिला, की त्या रात्री चार ओळी लिहा. आधीचे दोन-तीन तास काय झालं होतं, शेवटचं कधी खाल्लं होतं, ट्रॅफिकमध्ये किती वेळ गेला, त्या दिवशी कशाला 'करतो' म्हटलं होतं. बायको काय बोलली ते त्यात लिहायचं नाही, तो तुमचा मुद्दा नव्हे. सुरुवातीचे हल्क तरी अंधार पडल्यावर यायचे. तुमच्या पत्रातले सगळे प्रसंगही रात्री साडेआठ ते साडेनऊमधले आहेत, हे तुमच्या लक्षात आलंय का? तसं असेल तर पार्किंगमध्ये दहा मिनिटं गाडीत बसून, फोन बंद करून, काहीतरी खाऊन मग वर जाणं यात काही कमीपणा नाही. पण ते घरी सांगून करा, नाहीतर 'खाली बसून काय करत होतात?' इथूनच सुरुवात होईल.

राग चढताना शरीर आधी सांगतं. जबडा आवळतो, कान तापतात, आवाज जाड होतो. तुमची खूण कोणती ते बायकोला विचारा, तिला नक्की माहीत असणार. ती खूण आली की खोलीतून बाहेर पडायचं. पडताना 'मी अर्ध्या तासात येतो' असं सांगायचं, आणि अर्ध्या तासात यायचं. दार आपटून निघून जाणं आणि वेळ सांगून बाहेर जाणं यांतला फरक घरातल्या माणसांना लगेच कळतो. त्या वेळात गाडी चालवायची नाही, प्यायचं नाही, आणि मनातल्या मनात खटला जिंकत बसायचं नाही. परत आल्यावर विषय टाळायचाही नाही. नुसतंच निघून जाण्याची सवय लागली, तर तो भांडणातून सुटण्याचा आणखी एक रस्ता होईल.

दुसरं काम ऑफिसात आहे, आणि ते तुम्हाला घरच्यापेक्षा अवघड जाईल. आठवड्यातून एकदा, एका छोट्या गोष्टीला, 'हे शुक्रवारपर्यंत होणार नाही, सोमवारी देतो' असं म्हणा. मोठा बाणेदारपणा नको, राजीनामा तर नकोच. भावाच्या हप्त्याबद्दल भावाशी बोला. रागाला जे खरं म्हणायचं आहे ते त्याच्या योग्य पत्त्यावर, दिवसाउजेडी, साध्या आवाजात पोचू लागलं, तर रात्रीच्या जेवणाकडे त्याला कमी यावं लागेल. किती कमी, ते वही सांगेल.

मुलीबद्दल थोडं थांबून लिहिते. 'बाबा हिरवे झाले' हे वाक्य तुम्ही पत्रात काहीशा कौतुकाने लिहिलंय. मला ते वाचून बरं वाटलं नाही. सात वर्षांच्या मुलीने स्वतःची सोय केलीय. जो ओरडतो तो माझा बाबा नाहीच, असं मानलं की बाबावर माया करत राहता येतं. तिच्यासाठी आज ते ठीक आहे. तुम्ही मात्र त्या गोष्टीत सामील होऊ नका. पुढच्या वेळी ती तसं म्हणाली तर हसून नेऊ नका. शांत झाल्यावर तिच्या उंचीला बसून सांगा, 'तो मीच होतो. मी ओरडलो, ते चुकलं. तुझ्यामुळे नाही झालं, आईमुळेही नाही. ते कमी करायचं काम मी करतोय.' एवढंच. 'बाबाला माफ केलंस ना?' असं विचारू नका. तिने माफ करून तुमची समजूत घालायची, हे ओझं तिचं नव्हे. मिठी मारायची की नाही, तेही तिलाच ठरवू द्या.

आता समुपदेशकाकडे जाण्याचं. 'मी वेडा नाही' हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. वेडे नाही आहात म्हणूनच जा. सगळं आठवणाऱ्या, लाज वाटणाऱ्या, सहा पानांचं पत्र लिहिणाऱ्या माणसाला बोलण्याच्या उपचारांचा चांगला उपयोग होतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाणार असाल तर त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा, विचारण्यात संकोच नको. झोप उडाली असेल, पिणं वाढलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर थेट मनोविकारतज्ज्ञ गाठा. सुरुवात कुठून करावी हेच कळत नसेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. पहिल्या भेटीत हल्कची गोष्ट सांगायची तर जरूर सांगा, पण आधी फोनची सांगा. आणि पहिल्या तज्ज्ञाशी सूर जुळला नाही, तर दुसऱ्याकडे जा. 'जाऊन बघितलं, काही होत नाही' हे वाक्य एका भेटीवर बोलायचं नसतं. जोडप्याने मिळून समुपदेशन घ्यायचं पत्नी म्हणत असेल, तर तेही घ्या, पण आधी तुमचं एकट्याचं काम सुरू होऊ द्या. भीती वाटणाऱ्या माणसाला भीती घालणाऱ्याच्या शेजारी बसून मोकळं बोलता येत नाही.

शेवटचे चार शब्द तुमच्या पत्नीसाठी, आणि या पत्रात स्वतःचं घर दिसलं असेल अशा सगळ्या जणींसाठी. वस्तू फेकणं हीसुद्धा हिंसाच. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात मारहाणीबरोबर शाब्दिक आणि भावनिक छळही येतो. नवरा स्वतःला बदलायचा प्रयत्न करतोय म्हणून तुमची भीती खोटी ठरत नाही. काही महत्त्वाची कागदपत्रं, थोडे पैसे आणि एक विश्वासाचं घर हाताशी ठेवा. १८१ हा महिलांसाठीचा क्रमांक पाठ ठेवा, मुलांसाठी १०९८ आहे. हात उचलला गेला, मुलीला इजा झाली किंवा वेळ सांगून बाहेर जायचं ठरलेलं असताना त्याने दार अडवलं, तर त्याची वही भरण्याची वाट बघू नका. मुलीला घेऊन त्या विश्वासाच्या घरी जा, आणि पुढचं बोलणं तिथून, कोणातरी तिसऱ्या माणसासमोर करा.